संघ सोडून कार्यालयात जाऊ का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका अमेरिकेच्या ईशान्य भागातील एका लहान खासगी महाविद्यालयात महिला लॅक्रॉस संघाच्या मुख्य प्रशिक्षक आहेत. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा, उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांकडून आलेला मैदानी खेळ. वय चव्वेचाळीस. लहानपणी आईवडिलांबरोबर ठाण्याहून न्यू जर्सीला आल्या, शाळेत हा खेळ शिकल्या, महाविद्यालयाकडून खेळल्या आणि पुढे त्याच खेळाच्या होऊन राहिल्या. गेली चौदा वर्षे संघ त्यांच्या हाती आहे. या काळात संघाने आपल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटाचे, विजेतेपद अनेकदा मिळवले आणि एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तिसऱ्या विभागाच्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या, राष्ट्रीय स्पर्धेतही तो पोचला. आता क्रीडा संचालकांनी त्यांना १ जुलैपासून सहसंचालकपद देऊ केले आहे. अट एकच: संघ सोडावा लागेल. उत्तर जानेवारीअखेर हवे आहे आणि फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो. आईला वाटते, इतक्या वर्षांनी लेकीला ‘खरी’ बढती मिळते आहे. पतींना वाटते, संध्याकाळी घरी येणे तरी होईल. मुलगी बारा वर्षांची आहे. पत्रलेखिकेला स्वतःला वाटते की नकार दिला तर त्या खुर्चीत आणखी एक पुरुष बसेल आणि होकार दिला तर संघातल्या मुलींचा विश्वासघात होईल. ‘दोन्हीकडून अपराधीच ठरणार असेन, तर निदान कोणता अपराध लहान ते सांगा,’ असे त्यांनी शेवटी लिहिले आहे.

प्रिय पत्रलेखिका,

तुमच्या पत्राची जवळजवळ साडेतीन पाने संघाविषयी आहेत आणि नव्या पदाविषयी जेमतेम आठ ओळी. बचावफळीतल्या एका डावखुऱ्या मुलीचे पाय वळताना कसे अडखळत होते आणि एका हिवाळ्यात तुम्ही तिला ते कसे सुधारायला लावलेत, याचे वर्णन इतके नेमके आहे की हा खेळ कधीच न पाहिलेल्या वाचकालाही ती मुलगी डोळ्यांसमोर दिसेल. यावरून कोणीही चटकन म्हणेल की उत्तर पत्रातच आहे, बाईंचा जीव संघात आहे, त्यांनी तिथेच राहावे. मी तसे म्हणणार नाही. माणूस ज्या कामात मुरलेला असतो त्याविषयी भरभरून लिहितो, आणि जे काम त्याने अजून हातात घेतलेले नाही त्याविषयी त्याच्यापाशी शब्द नसतात; तुमच्या पानांच्या हिशोबातून एवढेच सिद्ध होते.

मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते तिसऱ्या पानावरचे एक ओझरते वाक्य. फेब्रुवारीत तुमच्याकडे बर्फ काढून मोकळे केलेले कृत्रिम गवताचे मैदान एकच असते, आणि त्यावरची रात्री आठनंतरची वेळ वर्षानुवर्षे मुलींच्या संघांच्याच वाट्याला येत होती. तुम्ही सॉफ्टबॉलच्या प्रशिक्षकांना बरोबर घेतलेत, मागच्या तीन हंगामांची वेळापत्रके एका तक्त्यात मांडून संचालकांपुढे ठेवलीत आणि पाळीपाळीची पद्धत सुरू करून घेतलीत. हे सगळे तुम्ही ‘एकदा थोडे भांडावे लागले’ एवढ्यावर उरकले आहे. अहो, ज्या कामाविषयी तुम्ही सल्ला विचारता आहात ते काम हेच आहे, आणि ते तुम्ही एकदा करून बसला आहात. म्हणून त्या आठवड्यांत तुम्हाला कसे वाटत होते ते आठवून पाहा. तक्ता करताना ‘हे कधी एकदा संपते आणि मी मैदानावर जाते’ असे होत होते, की तो पुरा झाल्यावर एखादा डाव जमल्यासारखे समाधान वाटले? मुलांच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक आपली अडचण सांगायला आले, तेव्हा त्यांच्या म्हणण्यात तुम्हाला काही तथ्य दिसले का? दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे, कारण सहसंचालकाच्या टेबलापलीकडे बसलेला बेसबॉलचा प्रशिक्षकही त्याच्या जबाबदारीतलाच असतो.

आता बढतीविषयी. तुमच्या आईंनी हा शब्द वापरला म्हणून तुम्ही थोड्या वैतागला आहात, पण तुमच्या पत्रातही तो गृहीत धरलेलाच आहे: ‘पुढची पायरी’, ‘वर जाणे’, ‘किती दिवस इथेच राहणार’. आपल्याकडे शाळेतल्या गणिताच्या सर्वोत्तम शिक्षकाला मुख्याध्यापक करतात. शाळेला चांगला मुख्याध्यापक मिळेल की नाही ते सांगता येत नाही, गणिताचा शिक्षक मात्र हमखास जातो. महाविद्यालयीन खेळांतही तीच रीत आहे. संघ जिंकतो म्हणून प्रशिक्षकाला कार्यालयात बोलावतात, आणि ज्या गुणांमुळे संघ जिंकत होता त्यातल्या निम्म्या गुणांना कार्यालयात वावच नसतो. पगारपत्रकावर ही बढती असेलही. कामाच्या दृष्टीने तो व्यवसायबदल आहे, आणि त्याचा विचार व्यवसायबदल म्हणूनच करायला हवा.

तुमच्याच खेळातली माणसे पाहा. न्यू जर्सी कॉलेजच्या शॅरन फ्लूगर १९८०च्या दशकापासून एकाच ठिकाणी लॅक्रॉस आणि फील्ड हॉकी असे दोन्ही संघ घडवत आल्या आणि दोन्हींत त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्या ‘वर’ का गेल्या नाहीत, असे कोणी विचारत नाही. सिंडी टिमचल यांनी मेरीलँड विद्यापीठात आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, त्यातली सात १९९५ ते २००१ अशी ओळीने, आणि त्यानंतर त्यांनी नौदल अकादमीत जाऊन नवा संघ उभा केला, जो २०१७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत खेळला. कंटाळा किंवा साचलेपण आले की कार्यालयातच गेले पाहिजे असे नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते. टेंपल विद्यापीठाच्या टीना स्लोन ग्रीन या महाविद्यालयीन महिला लॅक्रॉसमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. १९८४ आणि १९८८ ची एनसीएए विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. १९९२ मध्ये त्यांनी संघ सोडला आणि त्याच वर्षी कृष्णवर्णीय मुली व स्त्रियांना खेळात आणण्यासाठी इतर काही जणींसह संस्था काढली. आणि मिडलबरी महाविद्यालयात पुरुषांच्या लॅक्रॉस संघाला २००० ते २००२ अशी सलग तीन डिव्हिजन थ्री विजेतेपदे मिळवून देणारे एरिन क्विन २००६ मध्ये त्याच महाविद्यालयाचे क्रीडा संचालक झाले. चार माणसे, चार वाटा. यांतली एक वाट दुसरीच्या डोक्यावर आहे असे मला तरी दिसत नाही.

नवे काम कसे असते याची कल्पना तुम्हाला आहे, पण ती बाहेरून आहे. एप्रिलमधला एखादा बुधवार घ्या. चार वाजता महिला लॅक्रॉस आणि सात वाजता पुरुष लॅक्रॉस, मैदान तेच. साडेचारला वीज चमकते. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे मैदान रिकामे ठेवायचे, आणि एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडले की घड्याळ पुन्हा शून्यावर. पंचांना रात्री दुसरीकडे जायचे आहे. पाहुण्या संघाच्या बसचालकाचे कामाचे तास संपत आले आहेत. दुखापती पाहणारी अ‍ॅथलेटिक ट्रेनर एकच आहे आणि ती सॉफ्टबॉलच्या मुलीचा घोटा पाहते आहे. पुरुष संघाचे प्रशिक्षक दर दहा मिनिटांनी विचारताहेत की आमचा सामना नक्की कधी. आज अशा वेळी तुम्ही मुलींबरोबर आत व्यायामशाळेच्या जमिनीवर बसलेल्या असता, कोणी गाणे म्हणते, कोणी उद्याच्या परीक्षेचे पाठ करते, आणि तुम्ही मनात पुढच्या पंधरा मिनिटांचा खेळ आखत असता. उद्या तुम्ही दाराबाहेरच्या पत्र्याखाली फोन कानाला लावून उभ्या असाल. सामना शेवटी झाला, तर तुमचे नाव कोणी घेणार नाही. न झाला, तर चार ईमेल येतील. मला विचाराल तर हे कामही मानाचे आहे, आणि काही माणसांना त्यात खरोखरच आनंद मिळतो. तो तुम्हाला मिळेल का, एवढेच पाहायचे आहे.

एवढ्यावर हे काम संपत नाही. तुमचे महाविद्यालय डिव्हिजन थ्रीमध्ये आहे, म्हणजे तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही आणि खेळायला येणारी प्रत्येक मुलगी शुल्क भरणारी विद्यार्थिनीही असते. पटसंख्येची चिंता असलेली अनेक लहान महाविद्यालये आज याच हिशोबाने संघ वाढवतात आणि प्रत्येक प्रशिक्षकाला ‘यंदा इतके नवे खेळाडू आणा’ असा आकडा देतात. तो आकडा आजवर तुम्हाला मिळत आला. आता तो तुम्ही दुसऱ्याला द्याल, आणि तो गाठला न जाण्याची कारणे तुम्हाला पाठ असूनही ऐकून घ्याल. एखाद्या प्रशिक्षकाचे कंत्राट न वाढवण्याचा निर्णय सांगायला तुम्हाला जावे लागेल. पैसा आटला आणि एखादा संघच बंद करायची वेळ आली, तर त्या बैठकीत तुम्ही टेबलाच्या निर्णय घेणाऱ्या बाजूला असाल. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. संघ चालवताना नकार देणारे कोणीतरी दुसरे असते. इथे ते तुम्ही व्हाल, आणि त्या नकारानंतरही ज्याला झोप लागते त्याचे हे काम आहे.

पतींच्या अपेक्षेविषयी थोडक्यात लिहिते. संध्याकाळी घरी येणे होईल, ही समजूत चुकीची आहे. प्रशिक्षकाला एक हंगाम असतो, सहसंचालकाला तीन. पानगळीत फुटबॉल आणि सॉकर, हिवाळ्यात बास्केटबॉल आणि पोहणे, वसंतात तुमचा खेळ. सामने संध्याकाळी आणि शनिवारी असतात आणि घरच्या सामन्यांना विभागातले कोणीतरी जबाबदार हजर असावे लागते. उन्हाळ्यातल्या शाळकरी स्पर्धांना नवे खेळाडू पाहत फिरणे मात्र थांबेल आणि रात्री अकराला येणारे फोन बदलतील. खेळाडूंऐवजी पालकांचे येतील, असे म्हणण्याचा मोह होतो. मुलीसाठी वेळ हाच निर्णयाचा आधार असेल, तर संचालकांकडून मागच्या वर्षीची हजेरीची वाटणी मागून घ्या आणि ती घरी फ्रिजवर लावून दोघांनी पाहा.

आता त्या अपराधांकडे वळू. नकार दिला तर पुरुष बसेल, या भीतीमागे खरा इतिहास आहे, म्हणून ती मी झटकून टाकणार नाही. १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा आला आणि शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करायला बंदी झाली; मुलींचे खेळ त्यामुळेच फोफावले. पण त्याच काळात महाविद्यालयांनी पुरुषांचे आणि स्त्रियांचे वेगवेगळे क्रीडाविभाग एकत्र केले, आणि स्वतंत्र विभाग चालवणाऱ्या अनेक स्त्रिया एकत्रित विभागात पुरुष संचालकांच्या हाताखाली आल्या. स्त्रियांनी स्त्रियांच्या खेळांसाठी चालवलेली एआयएडब्ल्यू ही राष्ट्रीय संघटनाही एनसीएएने मुलींच्या स्पर्धा सुरू केल्यावर १९८२ मध्ये थांबली. लिंडा कार्पेंटर आणि व्हिव्हियन अकोस्टा या प्राध्यापिकांनी अनेक दशके ठेवलेल्या नोंदींनुसार १९७२ मध्ये महाविद्यालयीन मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या; २०१४ मध्ये हे प्रमाण सुमारे त्रेचाळीस टक्क्यांवर आले होते. त्याच वर्षी क्रीडा संचालकांत स्त्रिया सुमारे बावीस टक्के होत्या.

हे आकडे नीट पाहिलेत तर तुमचाच युक्तिवाद लंगडा पडतो. स्त्रियांची संख्या कार्यालयात कमी आहे, तशीच ती मैदानावरही घटली आहे. तुमच्या खेळात ती इतर अनेक खेळांपेक्षा बरी आहे, तरी तुम्ही उठलात की तुमची जागा आपोआप एका स्त्रीला मिळेल असे नाही. मग स्त्रियांचे ऋण फेडायचे म्हणून कुठली खुर्ची धरायची? आकड्यांतून याचे उत्तर निघत नाही. ‘मी नाही म्हटले तर’ या वाक्याने सुरू झालेली नोकरी तिसऱ्या वर्षी जड होते. हे काम तुम्हाला स्वतःला हवे असेल, तर त्यातून पुढच्या मुलींचे भले होणे ही मोठी जोड आहे; पण निव्वळ जोडीवर नोकरी टिकत नाही.

मुलींच्या विश्वासघाताबद्दलही मला थोडी शंका आहे. तुमच्या संघातली कोणतीही मुलगी तुमच्याकडे चार वर्षे असते. तुम्ही कधीही सोडलेत तरी कोणाचे दुसरे, कोणाचे तिसरे वर्ष मध्ये येणारच. ज्या दिवशी कोणाचेच काही अर्धवट राहणार नाही असा दिवस प्रशिक्षकाच्या आयुष्यात उगवत नाही. विश्वासघात जाण्यात नसतो. तो लपवण्यात असतो, किंवा जाऊनही न जाण्यात. हे दुसरे फार घडते: जुनी प्रशिक्षक कार्यालयाच्या खिडकीतून सराव पाहते, मुली तिच्याकडे तक्रारी घेऊन येतात, ती ‘मी बोलते तिच्याशी’ म्हणते, आणि नव्या प्रशिक्षकाचा पहिला हंगाम तिथेच संपतो. म्हणून होकार द्यायचा असेल तर एक अट तुम्ही स्वतःहून घाला: निदान पहिली दोन वर्षे महिला लॅक्रॉसवर देखरेख संचालकांची राहील, तुमची नाही. नव्या प्रशिक्षकाच्या निवड समितीत बसायचे की नाही याचाही विचार करा. माझे मत विचाराल तर, समितीला खेळाची माहिती द्यावी आणि मत मात्र देऊ नये, विशेषतः तुमची सध्याची साहाय्यक प्रशिक्षक उमेदवार असताना.

पदाबद्दल तुम्ही लिहिलेल्या आठ ओळींत अधिकारांविषयी एक शब्द नाही, आणि मला खरी काळजी वाटते ती इथे. संचालकांनी सांगितले आहे की तुम्ही विभागाच्या ‘सीनियर वुमन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ही व्हाल. एनसीएएच्या पद्धतीत विभागातल्या सर्वांत वरिष्ठ स्त्रीला हे बिरुद मिळते. ते पद नव्हे, आणि त्याबरोबर कुठलाही अधिकार आपोआप येत नाही. काही ठिकाणी ही स्त्री अंदाजपत्रकाच्या बैठकीत संचालकांच्या शेजारी बसते, आणि काही ठिकाणी तिच्या वाट्याला वार्षिक मेजवानी, गणवेश आणि मुलींच्या रडण्याची प्रकरणे येतात. तुमच्याकडे यातले काय होणार आहे ते आत्ताच विचारायला हवे. कोणत्या संघांची देखरेख तुमच्याकडे असेल, आणि त्यात पुरुषांचा एखादा मोठा संघ असेल का? कोणत्या प्रशिक्षकांच्या वार्षिक मूल्यमापनावर तुमची सही असेल? अंदाजपत्रकाचा कोणता भाग तुम्ही मांडाल? नेमणुकीत तुमचे मत सल्ला मानले जाईल की निर्णय? संचालक स्वतः किती वर्षे राहणार आहेत? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा, कारण तुम्हाला शब्द देणारा माणूस दीड वर्षात निवृत्त होणार असेल तर त्याच्या शब्दापेक्षा लेखी कागदाला किंमत आहे. उत्तरे तोंडी मिळाली की त्याच संध्याकाळी ‘आपल्या बोलण्यातून मला असे समजले’ अशा सुरुवातीचा सभ्य ईमेल पाठवून ती लेखी करून घ्या.

या बैठकीआधी आणखी एक घरपाठ करा. १९९४ च्या कायद्यामुळे अमेरिकेत सरकारी अर्थसाहाय्याशी जोडलेल्या आणि आंतरमहाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या प्रत्येक सहशिक्षण महाविद्यालयाला दरवर्षी आपल्या खेळांची आकडेवारी शिक्षण खात्याला द्यावी लागते: किती मुलगे आणि किती मुली खेळतात, प्रशिक्षकांचे पगार सरासरी किती, नवे खेळाडू शोधण्यावर कोणासाठी किती खर्च होतो. ती खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तुमच्या महाविद्यालयाची मागच्या पाच वर्षांची पाने काढा आणि कॉन्फरन्समधल्या दोन-तीन महाविद्यालयांशी ताडून पाहा. तिथे जे दिसेल तेच उद्या तुमच्या टेबलावर येणार आहे. आणि ती पाने वाचताना तुम्हाला रात्रीचे किती वाजले याचे भान राहिले नाही, तर तीही एक माहितीच समजा.

मधला मार्ग तुम्हाला सुचलेला दिसतो: वर्षभर दोन्ही करून पाहायचे. डिव्हिजन थ्रीमध्ये संघ सांभाळून सहसंचालकपद भूषवणारे प्रशिक्षक अनेक आहेत, तेव्हा ही मागणी अवाजवी नाही. पण फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत दोन्ही कामे एकाच वेळी ऐन भरात असतात, आणि अशा व्यवस्थेत सहसा दीड पगारात दोन माणसांचे काम होते व दोन्ही कामांबद्दल थोडी थोडी नाराजी ऐकून घ्यावी लागते. हे करायचेच असेल तर साहाय्यक प्रशिक्षकाला पूर्ण वेळ आणि वाढीव पगार मिळणार असेल तरच करा, आणि शेवटची तारीख ठरवून करा.

त्यापेक्षा मला वेगळा प्रयोग अधिक पटतो, आणि तो इतर वाचकांनाही, म्हणजे ज्या डॉक्टरांना अधीक्षकपद किंवा ज्या अभियंत्यांना व्यवस्थापकपद समोर दिसते आहे त्यांनाही, करता येण्याजोगा आहे. पद स्वीकारण्याआधी त्या पदाचे एक खरे, कंटाळवाणे, अंगावर येणारे काम मागून घ्यायचे. तुमच्या बाबतीत ते कॉन्फरन्सच्या एखाद्या स्पर्धेचे यजमानपद असू शकेल, दुसऱ्या खेळाच्या प्रशिक्षकाची निवड समिती असू शकेल, किंवा पुढच्या वर्षीचे मैदानाचे वेळापत्रक. ‘विमेन लीडर्स इन स्पोर्ट्स’ ही क्रीडा प्रशासनातल्या स्त्रियांची संघटना नव्याने या कामाकडे वळणाऱ्यांसाठी प्रशिक्षण देते. तिथे जाण्याचा खर्च महाविद्यालयाने करावा अशी मागणी जरूर करा. संचालक म्हणतील की जानेवारीअखेर उत्तर हवे. तरीही विचारून पाहा की हे पद एक वर्ष हंगामी व्यवस्थेने चालेल का. फार तर ‘नाही’ असे उत्तर येईल, आणि त्यात तुमचे काही जाणार नाही.

पैशाच्या बाबतीत वार्षिक आकडा पाहून थांबू नका. तुमचे सध्याचे कंत्राट दहा महिन्यांचे आहे आणि उन्हाळी लॅक्रॉस शिबिरांतून तुम्हाला वेगळे उत्पन्न मिळते, असे तुम्ही लिहिले आहे. सहसंचालकपद बारा महिन्यांचे असेल आणि शिबिरे नव्या प्रशिक्षकाकडे जातील. महिन्यांनी भागून आणि शिबिरे वजा करून वाढ किती उरते ते काढा. कर्मचाऱ्यांच्या मुलांना मिळणारी शुल्कसवलत नव्या पदावर तशीच राहते का, तेही मनुष्यबळ विभागाला विचारा. मुलगी बारा वर्षांची असताना हा प्रश्न दूरचा वाटतो, पण सहा वर्षांनी तो घरातला सर्वांत मोठा आकडा असेल.

आईंविषयी. त्यांना महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लेकीची ओळख करून देताना ‘डायरेक्टर’ म्हणता येईल याचा आनंद आहे, आणि त्यात वाईट काही नाही; इतकी वर्षे त्यांना काठी, जाळी आणि गोल समजावून सांगावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही मान्यता मिळाली, तेव्हा ठाण्याच्या मामांनी पहिल्यांदा तुमच्या खेळाची चौकशी केली, असे तुम्ही लिहिले आहे. (ऑलिंपिकमध्ये सहा-सहा खेळाडूंचा छोटा प्रकार असेल आणि तुमच्या निर्णयाशी त्याचा संबंध फारसा नाही, हे मामांना सांगायची घाई करू नका.) आईंना मात्र एक गोष्ट सांगून पाहा: ‘हे पद घेतलेस तर कोणते काम करशील?’ असे त्यांनी विचारले, तर तुम्ही जे उत्तर द्याल ते. चार वाक्यांत, एकही इंग्रजी पदनाम न वापरता ते सांगता आले, तर तुम्हाला हे काम कळले आहे.

माझा कल विचारलात म्हणून लिहिते. त्या मैदानाच्या तक्त्यामुळे मला वाटते की तुमच्यात या कामाची ओढ आहे आणि तुम्ही ती ‘भांडण’ म्हणून बाजूला ठेवली आहे. अधिकारांच्या प्रश्नांची उत्तरे पक्की मिळाली, तर होकार द्यावा. ती गोलमोल मिळाली, तर चौदा वर्षांचा संघ एका बिरुदासाठी सोडू नये. अशा वेळी नकार देताना संचालकांना कारण स्पष्ट सांगा, म्हणजे पुढच्या व्यक्तीला हे पद देऊ करताना त्यात काही भर तरी पडेल.

होकार ठरला, तर सांगण्याचा क्रम आधी ठरवा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या महिला लॅक्रॉस प्रशिक्षक क्रिस सेलर यांनी छत्तीस हंगामांनंतर २०२२ चा हंगाम शेवटचा असेल हे तो सुरू होण्याआधीच जाहीर केले होते, आणि पुढे संघ त्यांच्या साहाय्यक जेन कुक यांच्याकडे गेला. मुलींना ती बातमी घेऊन पूर्ण हंगाम खेळता आला. तुम्हीही फेब्रुवारीतल्या पहिल्या सामन्याआधी सांगा. आधी साहाय्यक प्रशिक्षकाला, मग कर्णधारांना, आणि त्याच दिवशी सगळ्या संघाला, ईमेलने नव्हे, समोर बसवून. त्यानंतर पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलींच्या घरी स्वतः फोन करा. ज्यांनी बांधील स्वरूपाचा लवकरचा प्रवेश घेतला आहे त्यांना डिसेंबरमध्येच होकार मिळाला असेल आणि त्यांच्या हातात आता फारसे काही नसेल, म्हणून त्यांना पहिला फोन. बाकीच्यांना १ मेपर्यंत प्रवेशाची अनामत भरायची असते, तेव्हा त्यांना विचार करायला पुरेसे आठवडे मिळतील असे पाहा. नव्या प्रशिक्षकाचे नाव तोवर ठरलेले नसेल, आणि एखादी आई तुम्हाला नक्की विचारेल की मग आम्ही का यावे. तिला महाविद्यालयाची बाजू सांगण्याआधी तिची मुलगी काय शिकायला येते आहे ते विचारा, आणि लॅक्रॉस बाजूला ठेवून पाहता ते तिथे मिळणार नसेल तर तसे सांगा.